यंत्राला डोळा फुटला त्याची गोष्ट

लिफ्टचं दार मिटत आलेलं असतं. कुणीतरी धावत येतं, उरलेल्या फटीत हात घालतं आणि दार मुकाट्यानं मागे सरतं. त्या दाराच्या कडांना नीट पाहिलंत तर काळसर काचेची उभी पट्टी दिसेल. एका पट्टीतून प्रकाश निघत असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. समोरच्या पट्टीतला यंत्राचा डोळा तो प्रकाश पाहत असतो. हात मध्ये आला, प्रकाश तुटला, दार उघडलं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ जमायला माणसाला साठेक वर्षं खर्ची घालावी लागली. त्या प्रवासात समुद्राच्या तळाची तार आहे, बोलपट आहे, स्वाती नक्षत्र आहे आणि लोखंडी प्रेसखाली हात घालून पोट भरणारी माणसंही आहेत.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी.ए.ला मराठी घेतलं आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण माझं बालपण यंत्रमागांच्या गल्लीत गेलं. आमच्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. हे तो पाहून करत नसे, चाचपून करी. एक बारीक लोखंडी काटा फिरून फिरून धाग्याला टेकायचा. धागा असला की काटा कलायचा. नसला की तो कलत नसे आणि माग बंद पडे. अंधारात हातानं चाचपत चालणाऱ्या माणसासारखंच त्या काळचं सगळं यंत्र होतं. लोखंडाला नजर कधी आणि कशी आली, हे कुतूहल मला तेव्हापासूनचं.

गोष्ट सुरू होते समुद्राच्या तळाशी. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजानं अटलांटिकच्या तळावर तारायंत्राची टिकाऊ तार अंथरली. याच जहाजानं १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तार टाकली. अशी तार टाकताना ती कुठे चिरली नाही ना, हे जहाजावरून सतत तपासत राहावं लागे. या तपासणीसाठी विजेला भरपूर विरोध करणारा एखादा पदार्थ हवा होता. विलोबी स्मिथ या तारायंत्राच्या इंजिनिअरनं त्यासाठी सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये शोधलं होतं आणि त्याला चंद्राच्या ग्रीक देवतेचं नाव दिलं होतं. नाव ठेवताना त्यांना काय ठाऊक, की हा पदार्थ खरोखरच उजेडाचा निघणार आहे!

स्मिथ यांच्या कांड्या मात्र बेभरवशाच्या निघाल्या. आज मोजावं तर एक आकडा, उद्या मोजावं तर भलताच. त्यांचे सहायक जोसेफ मे यांच्या बरोबरीनं शोध घेतल्यावर कारण सापडलं. कांडीवर उजेड पडला की तिचा विरोध उतरायचा आणि वीज सहज वाहायची. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्या तर अंधारात विरोध सर्वांत जास्त. झाकण काढलं की लगेच कमी. ही करामत उष्णतेची तर नसेल ना? म्हणून त्यांनी कांडी पाण्यात बुडवून पाण्यातून उजेड सोडला, तरी तेच. फेब्रुवारी १८७३ मध्ये स्मिथ यांनी हे सारं एका पत्रात लिहिलं. त्या पत्रातली एक बारीकशी नोंद मला फार मोलाची वाटते. कांडीपासून काही फुटांवर साधा गॅसचा दिवा जळत होता. त्या दिव्यासमोरून नुसता हात फिरवला तरी कांडीचा विरोध पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढत होता. दिव्यासमोर माणसाचा हात आडवा आला आणि एका जड पदार्थाला तो कळला. आजच्या सगळ्या फोटोसेन्सरांचा आद्य प्रयोग मी यालाच मानतो.

पुढच्या दहा वर्षांत सेलेनियमनं युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांना झपाटून टाकलं. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये सूर्यकिरणावरून बोलणं पाठवलं. एका पातळ आरशावर ऊन घ्यायचं आणि आरशाच्या मागून बोलायचं. आवाजानं आरसा थरथरतो, त्याबरोबर किरणही थरथरतो आणि दोनशे मीटरवर बसलेला सेलेनियमचा तुकडा ती थरथर विजेत उतरवतो. बेल यांना हा शोध टेलिफोनपेक्षाही मोठा वाटत असे. नुकत्याच जन्मलेल्या मुलीचं नाव ‘फोटोफोन’ ठेवावं असं त्यांच्या मनात होतं. पत्नीनं ते चालू दिलं नाही. मुलगी वाचली म्हणायची. ढग आले की बोलणं बंद, अशी या यंत्राची गत होती, त्यामुळे ते मागे पडलं.

इथे गोष्टीला दुसरा फाटा फुटतो. १८८७ मध्ये जर्मनीत हर्ट्झ हे रेडिओच्या लहरींचा शोध घेत होते. लहान ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी तिच्याभोवती अंधारी पेटी बसवली, तर ठिणगी आणखीच आखूड झाली. मोठ्या ठिणगीतले अतिनील किरण लहान ठिणगीला मदत करत होते, आणि पेटीनं ते अडवले होते. पुढे कळलं, की प्रकाश धातूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. पण यात एक कोडं होतं. लाल प्रकाश कितीही प्रखर केला तरी काही धातूंतून एकही इलेक्ट्रॉन हलत नाही, आणि जांभळ्यापलीकडचा मंद किरण मात्र तो सहज काढतो. बर्नच्या पेटंट कचेरीतले एक कारकून, अल्बर्ट आइनस्टाइन, यांनी १९०५ मध्ये याचं उत्तर दिलं. प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो. इलेक्ट्रॉनची सुटका दहा रुपयांची असेल तर दहाची एक नोट लागते. इथे रुपया-रुपयाची चिल्लर चालत नाही, मग पोतंभर आणलीत तरी. अमेरिकेचे मिलिकन यांना हे मुळीच पटलं नव्हतं. ते खोटं पाडायला त्यांनी दहाएक वर्षं प्रयोग केले आणि १९१६ पर्यंत ते खरं असल्याचं त्यांच्याच हातून सिद्ध झालं. आइनस्टाइनना १९२१ सालचं नोबेल मिळालं ते सापेक्षतेसाठी नव्हे, या कामाचा उल्लेख करून मिळालं.

या मोठ्या नावांच्या सावलीत दोन शाळामास्तर हरवतात. एल्स्टर आणि गायटेल. जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेल गावच्या शाळेत शिकवणारे हे दोघे जिवलग मित्र. सोडियम, पोटॅशियम यांसारखे मऊ धातू साध्या दिसणाऱ्या प्रकाशालाही दाद देतात, हे ओळखून त्यांनी हवा काढलेल्या काचेच्या भांड्यात ते बंद केले आणि १८९० च्या दशकात वापरण्याजोगी पहिली फोटोसेल बनवली. आणि आपल्याकडचे जगदीशचंद्र बोस यांनाही या ओळीत मानाची जागा आहे. शिशाच्या खनिजाचा, गॅलेनाचा, स्फटिक वापरून त्यांनी विद्युतलहरी टिपणारं उपकरण केलं. तोच स्फटिक प्रकाशालाही जागा होतो, हे त्यांना दिसलं होतं. त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये त्यांना मिळालं. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणाचं जगातलं पहिलं पेटंट म्हणून ते ओळखलं जातं. पेटंट घेण्याची बोस यांना मुळात फारशी इच्छाच नव्हती, हेही त्यांच्या स्वभावाला धरून झालं.

फोटोसेलमधून मिळणारी वीज इतकी क्षीण, की तिनं साधी घंटीसुद्धा वाजणार नाही. रेडिओसाठी निघालेल्या काचेच्या व्हॉल्वनी ती फुगवता येऊ लागली, तेव्हा या डोळ्याला हातपाय मिळाले. म्हणून त्याचं खरं राज्य १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. आणि ते आपल्या दाराशी आलं सिनेमाच्या वाटेनं. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडदा मराठी बोलू लागला. या फिल्मच्या कडेला आवाजाची एक चिंचोळी पट्टी असे. प्रोजेक्टरमधला छोटा दिवा तिच्यातून प्रकाश पाठवी, पट्टीच्या गडद-फिक्या रेघांप्रमाणे तो कमीजास्त होई आणि पलीकडची फोटोसेल त्याची वीज करी. पुढे त्या विजेचा आवाज. म्हणजे थिएटरात बसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलेला प्रत्येक संवाद आधी एका यंत्राच्या डोळ्यानं पाहिलेला होता.

त्याच १९३१ मध्ये अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडू लागलं. दोन्ही हातांत ताटं घेऊन येणाऱ्या वाढपी बायका प्रकाशाचा किरण ओलांडायच्या आणि दार उघडायचं. आणि १९३३ मध्ये शिकागोनं कमाल केली. तिथल्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे एका ताऱ्याच्या उजेडानं लावायचे ठरलं. तारा कोणता? आर्क्टुरस, म्हणजे आपली स्वाती. आधीचं जागतिक प्रदर्शन शिकागोला १८९३ मध्ये भरलं होतं. त्याच निमित्तानं झालेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते. स्वातीचा प्रकाश पृथ्वीवर यायला चाळीस वर्षं लागतात असा तेव्हाचा हिशेब. म्हणजे १८९३ मध्ये निघालेला किरण १९३३ मध्ये पोचणार! वेधशाळांच्या दुर्बिणींनी तो फोटोसेलवर घेतला, वीज वाढवून शिकागोला पाठवली आणि २७ मे १९३३ च्या रात्री प्रदर्शन उजळलं. आताच्या मोजणीनं हे अंतर सदतीस प्रकाशवर्षांच्या आसपास आहे, तेव्हा तो किरण तीनेक वर्षं उशिरा निघालेला होता. स्वातीच्या थेंबाचा मोती होतो असं आपल्याकडे म्हणतात. तिच्या किरणाचा विजेचा दिवा झाला, ही कल्पना मात्र कुणा कवीला सुचली नाही, इंजिनिअरांना सुचली. थोडा हेवा वाटतो.

कारखान्यात या डोळ्याला फार सोसावं लागलं. तेव्हा प्रकाश द्यायला तारेचा बल्ब होता. यंत्राच्या हादऱ्यांनी त्याची तार तुटायची. शिवाय दिवसाउजेडी हा डोळा गोंधळायचा. खिडकीतलं ऊन कोणतं आणि आपला किरण कोणता, हे त्याला कळेना. यातून सुटका केली एलईडीनं. १९६२ मध्ये अमेरिकेत अवरक्त प्रकाशाच्या एलईडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि त्याच वर्षी निक होलोन्याक यांनी दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी दाखवला. एलईडीला तुटायला तारच नाही. शिवाय तो सेकंदात हजारो वेळा लागू-विझू शकतो, बल्बला ते कधीच जमलं नसतं. मग युक्ती अशी निघाली, की किरण सलग सोडायचाच नाही, एका ठरावीक तालात लुकलुकवायचा. समोरच्या डोळ्याला फक्त तोच ताल ओळखायला शिकवायचं. ऊन कितीही प्रखर असो, त्याला ताल नसतो, म्हणून डोळा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गर्दीच्या मुशायऱ्यात आपल्या माणसाची दाद ओळखू येते, तसंच हे.

आज हे सेन्सर साधारण तीन तऱ्हांनी बसवतात. पहिली तऱ्हा समोरासमोरची: एकीकडे दिवा, दुसरीकडे डोळा. ही सर्वांत खात्रीची, धूळ-धुरातही टिकणारी. दुसरीत दिवा आणि डोळा एकाच डबीत असतात आणि समोर सायकलच्या मागे असतो तसा चमकणारा रिफ्लेक्टर लावतात. वस्तू मध्ये आली की परतणारा किरण तुटतो. तिसरीत रिफ्लेक्टरही नाही, वस्तूवरूनच उलटणारा प्रकाश पाहायचा. काळी वस्तू प्रकाश गिळते, म्हणून तिसऱ्या तऱ्हेला ती उशिरा दिसते. चकचकीत डबा दुसऱ्या तऱ्हेला रिफ्लेक्टरच वाटू शकतो, म्हणून तिथे प्रकाशाची कंपनं एकाच दिशेची करणारी काच लावतात. रिफ्लेक्टर ती दिशा बदलून पाठवतो, डब्याला ते जमत नाही. बाटल्या मोजणं, खोकी वळवणं, टोलनाक्यावर एक गाडी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते सांगणं, ही सारी या डोळ्याची रोजची कामं.

त्याची एक खूण तुमच्या घरातही आहे. बिस्किटाच्या पुड्याच्या किंवा दुधाच्या पिशवीच्या कडेला एक छोटा गडद चौकोन छापलेला असतो. तो आपल्यासाठी नाही. कारखान्यात गुंडाळीवरचा कागद सरकत असताना सेन्सर तो चौकोन पाहतो आणि नेमक्या जागी सुरी पडते. पॅकिंगवाले त्याला ‘आय मार्क’ म्हणतात. वाण्याच्या दुकानात ‘सॉर्टेक्स’ डाळ-तांदूळ मिळतात, तो शब्द म्हणजे १९४७ मध्ये लंडनला सुरू झालेल्या, दाणे रंगावरून निवडणारी यंत्रं करणाऱ्या कंपनीचं नाव. दाणे धारेनं खाली पडत असतात, डोळा त्यांतला काळा दाणा किंवा खडा पाहतो आणि हवेचा एक फटका त्याला बाजूला उडवतो. आमच्या लहानपणी धान्याच्या वखारीत बायका रांगेनं बसून हेच काम करायच्या, पोत्यावर मजुरी घेऊन. त्या बायकांच्या डोळ्यांचं पाणी वाचलं हे खरं. त्यांची मजुरीही गेली, हेही तितकंच खरं. हवेच्या झोतानं धागा फेकणाऱ्या नव्या मागांवर आता धागा पोचला की नाही ते डोळाच पाहतो. माझ्या लहानपणचा तो लोखंडी काटा तिथे नाही.

इथवर हा डोळा मालाकडे पाहतो. माणसाच्या हाताकडे पाहणारा डोळा ही निराळी गोष्ट आहे, आणि आज मला मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचं काम असं, की कामगारानं पत्रा डायमध्ये ठेवायचा, पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, तयार नग काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. दिवसाकाठी हजारो वेळा हात त्या जबड्यात जातो आणि येतो. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा पुण्याकडच्या एका छोट्या शेडमध्ये प्रेसवर होते. उजव्या हाताची दोन बोटं गमावून ते गावी परतले. लोक म्हणायचे, झोप लागली असेल, लक्ष नसेल. चाचा शांतपणे सांगायचे, “पाय पेडलवर नव्हताच बेटा. प्रेसनं एका दाबाला दोन ठोके मारले.” जुन्या प्रेसमध्ये हे घडतं. आतली चावी झिजली की एका दाबानंतर क्लच सुटत नाही. हात आपल्या सवयीनं नग काढायला आत जातो आणि तेवढ्यात वरचा भाग पुन्हा खाली येतो.

आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक कोष्टक जोडलेलं होतं. कमाईची ताकद किती टक्के गेली, ते त्यात बोटाबोटानं लिहिलं होतं. अंगठा गेला तर तीस टक्के. तर्जनी सबंध गेली तर चौदा. मधलं बोट बारा. करंगळी किंवा तिच्या शेजारचं, सात. हे कोष्टक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ आपल्याच हाताकडे पाहत बसलो होतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं यंत्राच्या धोक्याच्या भागांना पक्कं कुंपण घालायला सांगितलं होतं. पण प्रेसला कुंपण घातलं तर पत्रा आत ठेवायचा कसा? हात आत जाऊ देईल, पण हात आत असताना यंत्राला चालू देणार नाही, असं कुंपण हवं होतं. ते प्रकाशाचंच असू शकतं.

असे प्रयत्न आधीही झाले होते, पण १९५० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत एर्विन झिक या चष्म्याच्या धंद्यात शिकलेल्या माणसानं प्रेससाठी प्रकाशाचा पडदा बाजारात आणला. आज कारखान्यांत त्याला ‘लाइट कर्टन’ म्हणतात. दोन उभ्या दांड्या, त्यांच्यामध्ये एकाखाली एक अदृश्य किरणांची रांग. एकही किरण तुटला की प्रेस थांबते. यातली खुबी अशी, की प्रकाश मिळतोय तोवरच यंत्राला चालायची परवानगी आहे. दिवा जळाला, तार तुटली, काचेवर तेल उडालं, काहीही झालं तरी डोळ्यापुढे अंधार येतो आणि अंधाराचा अर्थ ‘थांब’ असाच ठरवलेला आहे. बिघाडसुद्धा हाताच्याच बाजूनं कौल देतो.

तो पडदा किती लांब लावायचा, याचाही हिशेब आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार हात सेकंदाला दोन मीटर वेगानं आत जातो असं धरतात. प्रेस पुरती थांबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत असेल, तर त्या वेळात हात चाळीस सेंटीमीटर आत गेलेला असेल. म्हणून पडदा डायपासून निदान तेवढा दूर हवा. जवळ लावलेला पडदा दिसायला छान दिसतो, दिवेही लावतो, पण हात पोचेपर्यंत यंत्र थांबलेलं नसतं.

आणि मुळात यंत्र मध्येच थांबू शकायला हवं. हवेच्या दाबावर क्लच चालणारी प्रेस अर्ध्या ठोक्यात थांबते. चाचांच्या प्रेससारखी जुन्या चावीच्या क्लचची प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा घेतल्याशिवाय थांबतच नाही. तिच्यावर जगातला उत्तमोत्तम पडदा लावा, तो हात पाहील आणि काही करू शकणार नाही. तिथे निराळं संरक्षण लागतं: नग काढायला चिमटा, पुढे हलणारी जाळी, किंवा मग प्रेसच बदलणं. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. गुडगाव, मानेसर, फरिदाबाद इथं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या शेडमध्ये बोटं गमावलेल्या कामगारांच्या त्या नोंदी आहेत, आणि त्यांत पॉवर प्रेसचं नाव पुन्हा पुन्हा येतं. पुढे त्यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या कामगारांकडेही लक्ष वळवलं. ज्या मोठ्या कारखान्यात ती गाडी जुळते तिथे पावलोपावली सेन्सर असतात. तिचा एखादा कंस किंवा वॉशर ज्या शेडमध्ये ठोकला जातो, तिथे मात्र पेडल आणि हात एवढंच असतं.

जिथे पडदा आहे तिथेही तो चालू आहे का, हा प्रश्न उरतोच. नगावर मजुरी असली की पडद्यामुळे होणारा खोळंबा सुपरवायझरला खुपतो आणि कामगारालाही. मग किल्ली फिरवून पडदा बाजूला टाकला जातो आणि दांड्या नुसत्या उभ्या राहतात. म्हणून पडद्याबरोबर कारखानदाराला एक काळी काठी दिलेली असते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला यंत्र चालू करण्याआधी ती पडद्यातून वरून खाली हळूहळू न्यायची, आणि सबंध वेळ दिवा लालच राहिला पाहिजे. एकदा जरी हिरवा झाला तरी त्या पाळीला ती प्रेस चालवायची नाही. बोटांच्या रक्षणासाठी लावलेल्या पडद्याची ही काठी चौदा मिलिमीटर जाड असते, म्हणजे साधारण आपल्या बोटाएवढी.